गार्बातेल्लातला गळका नळ

२८ जून, रोम
पोचलो. गार्बातेल्ला भाग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घर फ्रान्चेस्काचं. ती आणि तिची बहीण तीन आठवडे तिकडे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, हिल्सबरोला आमच्या घरात, आम्ही इथे. वेबसाइटवर घरांची अदलाबदल सुजाताने जमवली. माझा विरोध होता. ते बाथरूम मी एकट्याने, व्हिडिओ बघून शिकून, एकाही ट्रेडीला, म्हणजे कारागिराला, न बोलावता केलंय. परक्या माणसाने तिथे कसं वागायचं हे लिहून देणं आलंच. दोन पानं टाइप करून ठेवली. त्यात अर्धं पान कढीपत्त्याच्या कुंडीला. (जागा बदलू नये. पाणी आठवड्यातून एकदाच.)
फ्रा.ने आमच्यासाठी ठेवलंय काय, तर वाडगाभर पीच आणि एक ओळ. 'सगळं सोपं आहे.'
सोपं कसलं. बाल्कनीतला नळ टपटप गळतोय. त्याला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक लिंबाच्या कुंडीत. गळती दुरुस्त करायची सोडून असले उद्योग.

२९ जून
कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला जुना वॉशर दाखवला. त्याने नवा दिला. नळ ठणठणीत. सुतळी काढून टाकली. सु. म्हणाली, "अरे, सुट्टीवर आलोयत आपण." बार्शीत चार दिवसांनी नळाला पाणी यायचं, ते बघत मी मोठा झालो. टपटप आवाजात मला झोप लागत नाही.

३० जून
या शहरात रस्तोरस्ती लोखंडी नळ आणि सगळे चालू. रात्रंदिवस. बंद करावा म्हणून एका नळाची तोटी शोधत बसलो. तोटीच नाही! कुत्रं घेऊन आलेला एक म्हातारा बघत होता. त्याने नळाचं तोंड बोटाने दाबलं, तर वरच्या बारीक भोकातून कारंजं, थेट तोंडात. पाणी बर्फासारखं गार. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा शर्ट भिजला नाही.
वाहतं राहिलं की पाणी साचून खराब होत नाही, असं त्याचं म्हणणं. इंग्रजी मोडकं पण मुद्दा समजला. पटला असं नाही.

२ जुलै
पँथिऑन. घुमटाला मधोमध भोक, वर आभाळ. पाऊस सरळ आत येतो! आणि इतकी शतकं कुणी ते बुजवलं नाही. खाली फरशीला किंचित उतार, मधे निचऱ्याची छिद्रं. लोक वर बघत होते, मी खाली. उतार तपासायला पाण्याची बाटली आडवी ठेवली तर गार्ड आला. आमच्या शॉवरचा उतार काढायला मला दोन वीकेंड लागले होते, हे त्याला कसं सांगणार. सु. लांब जाऊन उभी. ओळख नसल्यासारखी.

५ जुलै
ऊन भयंकर. सकाळी सु.ने विचारलं, लिंबाला पाणी घालू का. नको म्हटलं. फ्रा.ने सांगितलेलं नाही. सांगितलं नाही ते करायचं नाही. झाडं जास्त पाण्यानेच मरतात.
दिवसभर जुन्या जलवाहिनीच्या कमानींखाली. मैलोन्‌मैल उतार, आणि पंप नावाची वस्तू नाही. लेव्हल कशी धरली असेल? यावर वाचायला हवं. सु. सावलीत झोपली.

८ जुलै
लिंबाची पानं आकसलीत. बरीच खाली पडलीत.
शेजारच्या बाल्कनीतल्या लीनाबाईंनी ओरडून हाक मारली. वय ऐंशीच्या पुढे, हातात फोन. बोलल्या, फोनने इंग्रजी करून वाचलं. फ्रान्चेस्का गावाला गेली की नळ थोडा सुटा ठेवते. थेंब सुतळीवरून कुंडीत. तिच्या वडिलांची युक्ती. लिंबही त्यांनीच लावलेलं. ते गेले, लिंब आहे.
मग फोनने त्यांचा प्रश्न वाचला. "नळ कुणी बंद केला?"
सु.ने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

९ जुलै
जुना वॉशर सुदैवाने टाकला नव्हता. बसवला. तर पाणी एकतर धो धो किंवा काहीच नाही. सु. म्हणाली, "दुरुस्त करायला तासभर लागला होता तुला. बिघडवायला दिवस जाणार." शेवटी साधलं. सुतळी नवी.
फ्रा.ला कळवायचं की नाही? आधी झाड सावरू दे, मग सांगू, असं माझं. सु. म्हणते, "आणि नाही सावरलं तर? लीनाबाई सांगतील?"

१२ जुलै
तन्वीचा फोन. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून हिल्सबरोला चक्कर मारून आली. पाहुण्या झकास आहेत. हॉलमधला तिचा निळ्या कोटातला फोटो कशाचा, असं फ्रा.ने विचारलं, तर पोरीने अर्धा तास सांगितलं म्हणे. मला कधी पाच मिनिटं ऐकवलं नाही. मग सहज बोलून गेली की कढीपत्ता बाथरूममधून काढून किचनच्या खिडकीत ठेवलाय.
माझं डोकं फिरलं. स्पष्ट लिहून दिलं होतं. आत्ताच्या आत्ता मेसेज करतो म्हणालो.
"बाबा, लीव्ह इट. इट्स हॅपी देअर."
फोन ठेवल्यावर सु. शांतपणे म्हणाली, "कर ना मेसेज. करतोच आहेस तर सगळंच लिही."

१३ जुलै
लिहिलं. चार वेळा खोडून. नळ मी दुरुस्त केला, सुतळी मी काढली, पाणी मी घालू दिलं नाही. लीनाबाईंचा, उन्हाचा उल्लेख गाळला. कढीपत्त्याबद्दल एक अक्षर नाही.
उत्तर संध्याकाळी. 'साल नखाने खरवडून बघा. मी आले की बघते.' एवढंच. भाषांतरातून राग गाळला जातो की काय, कोण जाणे.
खरवडलं. एक फांदी आतून हिरवी. बाकीच्या...

१८ जुलै
निघालो. थेंब चालू. हिरव्या फांदीला एक फुगीर टोक दिसतंय. कोंबाचा डोळा असेल, नाहीतर मला दिसावंसं वाटतंय. सु.ला दाखवलं. "असेल," म्हणाली.
लीनाबाईंनी वरून हात केला. कोपऱ्यावरच्या नळाला बोट लावून शेवटचं पाणी प्यायलो.

२१ जुलै, हिल्सबरो
पाऊस, गारठा. घर लख्ख. बाथरूम जसंच्या तसं. माझी दोन पानं फ्रिजवर, चुंबकाखाली.
कढीपत्ता किचनच्या खिडकीत. ऐन हिवाळ्यात कोवळी पालवी. बाथरूममध्ये एकाही हिवाळ्यात आली नव्हती. परत जागेवर ठेवायला कुंडी उचलली. मग तिथेच ठेवली.
सु.ने त्यातली चार पानं फोडणीला तोडली. मी भांडी घासायला घेतली. इथे संध्याकाळचे सात, म्हणजे तिथे सकाळ. फ्रा. रात्रीच पोचली असणार. आत्ता बाल्कनीचं दार उघडत असेल.
ओट्यावर फोन वाजला.
सु. म्हणाली, "रोमचा आहे. बघ."
हात ओले आहेत म्हणालो. नळ तसाच चालू ठेवला.