हेडमास्तरांचे चार चमचे

४ मार्च, मंगळवार

आज दुपारच्या जेवणाआधी तीन माणसं बरी केली! एका शिंपिणीची पाठ, एका रेल्वे गार्डाची झोप, आणि एक मुलगी — वय नऊ, अंगात रक्त नाही, दोन पायऱ्या चढली की धाप — ती आता दोरीवरच्या उड्या मारते. चौथाही बरा व्हायचा, पण टाकाचं टोक मोडलं. बिचारा उद्यापर्यंत आजारी.

मामांच्या कारखान्यात मी ‘टपाल बघते’. असं सगळ्यांना सांगायचं. खरं काम म्हणजे ‘तरतरी टॉनिक’ने बरे झालेल्या लोकांची आभाराची पत्रं लिहायची. ती जाहिरातीत छापतात. हे मला आणि मॅनेजरला ठाऊक. त्याला आम्ही पाठीमागे ‘डिंक’ म्हणतो, एकदा टेबलाला चिकटला की सुटत नाही. डिंक सोमवारी चिठ्ठी देतो : अशक्तपणा दोन, भूक एक, झोप एक. मी शाई बदलते, कागद बदलते, म्हाताऱ्यांसाठी डाव्या हाताने लिहिते. कोण कशाने आजारी होता त्याची वेगळी वही आहे. नाहीतर एकच विधवा दोनदा बरी व्हायची!

मामांना यातलं काही माहीत नाही. डिंक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, साहेबांना खरी वाटली तरच लोकांना खरी वाटतील. बरोबरच आहे त्याचं. नोकरी मामांची, पगार मामांचा, आणि फसवणूकही मामांचीच! पण पत्र वाचताना त्यांचा चेहरा असा काही फुलतो की मला वाटतं, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय?

६ मार्च

हेडमास्तर हिट!

रोज दहाला मामा खाली येतात. बाटल्या धुणाऱ्या बायका हात पुसतात, लेबलं चिकटवणारे थांबतात, आणि मामा त्या दिवसाचं पत्र मोठ्याने वाचतात. आज माझे निवृत्त हेडमास्तर होते. सारखी तहान, गळून गेलेलं अंग, कपडे ढगळ झालेले. ‘दोन चमच्यांनी गुण येईना, म्हणून मी आपल्या जबाबदारीवर चार चमचे सुरू केले. आज पहाटे तीन मैल चालून आलो.’ वाचता वाचता मामांचा आवाज भरून आला. बाटल्यावाल्यांतली मोठी बाई तर डोळ्याला पदर लावून बसली. मी मान खाली घालून शाईचे डाग पुसत होते.

खरं तर चार चमचे डिंकाची कल्पना. लोक दुप्पट पितील तर बाटली निम्म्या दिवसांत संपेल ना!

७ मार्च

मामांनी हेडमास्तरांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. दोन पानी. आणि मलाच दिलं पेटीत टाकायला. टाकलं! माझ्या टेबलाच्या खणात.

१० मार्च

मामी सकाळी मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली. मामा लघवीला जाऊन आले की मोरीत मुंग्या होतात म्हणाली. रोज. कितीही पाणी ओता. तिच्या वडिलांच्या वेळी अस्संच होतं.

मग मी पहिल्यांदा मामांकडे नीट पाहिलं. रोज समोर असलेलं माणूस कुठे दिसतं आपल्याला? कोट खांद्यावरून उतरलाय. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, तिथे आता घागर आहे. डाव्या अंगठ्याला महिन्यापूर्वी बूट चावला होता, ती जखम अजून ओलीच. आणि ते रोज टॉनिक घेतात — पंचवीस वर्षं घेतात, आपलाच माल, आपणच नको घ्यायला? — आता दोनाऐवजी चार चमचे. दिवसातून तीनदा.

का चार, हे मला मामीने सांगायची गरज नव्हती.

टॉनिकमध्ये काय असतं ते मी रोज पाहते. मागच्या खोलीत मोठ्या हंड्यात साखरेचा पाक उकळतो. त्यात थोडी मुळं, थोडी सालं, नारिंगी रंग. निम्म्याहून जास्त साखरच!

११ मार्च

समोरच्या डॉक्टरांकडे गेले. लपून, छत्री आडवी धरून — ऊन नाही, पाऊस नाही, सगळा रस्ता माझ्याकडे बघतोय! डॉक्टर आणि मामा वीस वर्षं एकमेकांच्या समोर दुकान मांडून बसलेत आणि नमस्कारसुद्धा करत नाहीत. डॉक्टर आधी हसले. टॉनिकवाल्यांच्या घरात आजार कसा काय शिरला, असं विचारलं. मी मुंग्यांचं सांगितल्यावर हसायचे थांबले. पाय कसा आहे, बोट काळं पडलंय का, सगळं विचारून घेतलं. साखर आजच बंद करा म्हणाले, उशीर झाला तर आधी पाय जाईल. त्यांना फक्त माझ्या पायऱ्या चढवा, पुढचं मी बघतो.

पायऱ्या तीन आहेत. डोंगर असता तर बरं झालं असतं, मामा निदान व्यायाम म्हणून चढले असते.

१२ मार्च

मामीने सांगून पाहिलं. मी सांगून पाहिलं. मामा भडकले. टॉनिकवाला डॉक्टरच्या दारात उभा राहिला तर उद्या बाटली कोण घेईल? वर मलाच समजूत : हेडमास्तर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, ते चार चमच्यांवर उठून चालायला लागले, मी काय त्यांच्याहून कच्चा?

जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. गिळली. भित्री आहे मी, झालं! मामांनी मला सात वर्षांची असल्यापासून वाढवलं. त्यांना कसं सांगू की तुमच्या लेकीसारख्या भाचीने तुम्हाला तीन वर्षं उल्लू बनवलं?

१३ मार्च

सुचलं! मामा माझं ऐकत नाहीत, मामीचं ऐकत नाहीत, पण हेडमास्तरांचं ऐकतील! आज हेडमास्तर पुन्हा आजारी पडणार.

१४ मार्च

काय सुरेख पत्र जमलं होतं! डाव्या हाताने, जांभळ्या शाईत. ‘महोदय, तहान परत आली. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी साखरेचा विकार सांगितला, गोड आणि टॉनिक दोन्ही बंद केलं, आता बरं वाटतंय. आपणही एकदा तपासून घ्यावं, ही नम्र विनंती.’ आजच्या टपालात सरकवून दिलं.

मामांनी खाली ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. डिंकाने माझ्याकडे असं पाहिलं की लेबलासकट उकळत्या हंड्यात टाकेल. मामा पत्र घडी करून खिशात ठेवून वर गेले. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

दहा मिनिटांनी खाली आले. म्हणाले, बिचारा भलत्याच डॉक्टरच्या तावडीत सापडला. एक डझन बाटल्या बांधा हेडमास्तरांसाठी, फुकट!

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मामी तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तशीच हसता हसता रडायला लागली. मग मीही.

१५ मार्च

खोकं माझ्या टेबलाखाली आहे. पाय ठेवायला जागा नाही.

१७ मार्च, सोमवार

हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी मामा बॅग भरत होते. हेडमास्तरांना भेटायला निघाले होते! एवढा भला माणूस आपल्या डोळ्यांदेखत औषध सोडतो म्हणजे काय, मी स्वतः जाऊन समजावतो. सहा तासांचा प्रवास, आणि अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, बूट जाईना म्हणून पायात घरातली सपात. मामी दाराशी उभी. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “मामा, जाऊ नका. हेडमास्तर नाहीत.”

“वारले?” मामा खाटेवर बसलेच.

“नाही हो. जन्मलेच नाहीत. मीच ते. डाव्या हाताने.”

मामांना समजायला वेळ लागला. मग एकेक विचारायला लागले. तो गार्ड? मीच. ती पाठदुखीवाली शिंपीण? मीच, मामा. विचारताना आवाज लहान लहान होत गेला. शेवटी म्हणाले, “ती नऊ वर्षांची मुलगी... दोरीवरच्या उड्या मारते ती?”

मी नुसती मान हलवली. तिच्यावर त्यांचा फार जीव होता, तिचं पत्र त्यांनी पाकिटात ठेवलं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले. सपात नीट केली. जिना उतरले, रस्ता ओलांडला — भर दहा वाजता, खाली सगळे कामगार पत्राची वाट बघत उभे — आणि डॉक्टरांच्या तीन पायऱ्या चढले. एकेका पायरीवर थांबत. आत जाताना मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

१८ मार्च

अंगठा वाचेल. पंधरा दिवस आणखी गेले असते तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. देवा!

२१ मार्च

मामांना रोज सुई. गोड बंद. तहान कमी झालीय, घागर गेली, तांब्या परत आला. डॉक्टर स्वतःच रस्ता ओलांडून येतात आणि जाताना दोघं भांडतात. डॉक्टर म्हणाले, मुळांचा काढा वाईट नाही हो तुमचा, साखरेत कशाला बुडवता? मामा म्हणाले, तुमचं औषध कडू म्हणून लोक मरतात! वीस वर्षांचं साठलेलं आहे, चालू दे.

डिंकाला मामांनी बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलंय. चार चमचे कुणाचे, हे मी सांगितलं होतं.

माझ्याशी मात्र बोलत नाहीत. ‘पाणी दे’ हेही मामीला सांगतात, मी तांब्या हातात घेऊन उभी असले तरी. मला नाही सहन होत. मोरीत जाऊन रडून घेतलं. मुंग्या नव्हत्या, तेवढं बरं.

२५ मार्च

बोलले!

पत्रांची ट्रंक माझ्यासमोर आणून ठेवायला लावली. म्हणाले, “खरी वेगळी काढ. एकही नसेल तर कारखाना बंद करतो. आणि घाबरून एखादं जास्त घालू नकोस.”

मग थांबून म्हणाले, सगळ्यात पहिलं तरी खरं आहे. तेव्हा तू नव्हतीस, डिंक नव्हता, कुणी नव्हतं. त्या एका पत्रावर मी पंचवीस वर्षं काढली.

२६ मार्च

दिवसभर ट्रंक उपसतेय. माझी लगेच ओळखू येतात, लाज वाटावी इतकी छान आहेत. माझ्याआधीची डिंकाची — त्याचे सगळे रोगी ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ म्हणतात. पण मध्येच एखादं वेगळं निघतं. मळकं, चुकांनी भरलेलं. एका कोळसेवाल्याचं : फारसा फरक नाही पण बाटली कामाला येते. एका आजीचं : चव आवडली, रोज संध्याकाळी नातू आणि मी घेतो. नऊ निघाली खरी. नऊ!

तळाशी ते पहिलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. कुण्या बाईचं. ‘आपल्या औषधाने माझं माणूस उठून बसलं. आपण हे काम सोडू नये.’ बस्स, एवढंच. ते मी खऱ्यांच्या ढिगावर सगळ्यात वर ठेवलं. दहा झाली. कारखाना वाचला! दहांवर मामा नक्की चालवतील, आणि साखर कमी करून चालवतील, डॉक्टरांशी त्यावरून भांडण सुरूसुद्धा झालंय. उद्या सकाळी दाखवते.

२७ मार्च

मामा आंघोळीला गेले होते. मामी चहा घेऊन आली, खऱ्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. मग तिने वरचं ते पहिलं पत्र उचललं आणि माझ्या खोट्या पत्रांच्या ढिगात ठेवलं.

“तेव्हा महिनाभर एकही बाटली खपली नव्हती गं,” म्हणाली. “हे जेवतच नव्हते.”

आतून पाण्याचा आवाज थांबला. मी ते पत्र उचललं आणि परत खऱ्यांत ठेवलं.