आरामाची रजा

९ जानेवारी, सानगडी
शाळेत अहवाल भरता भरता छातीत धडधड, दरदरून घाम. ह्यांनी मोटारसायकलवर साकोलीला नेलं. ईसीजी. अटॅक नाही, पण बीपी फार, ठोके वेडेवाकडे. डॉक्टर म्हणाले, "म्याडम, चिंता डोक्यात, अन् धावून राहिली छाती. तिले विसावा द्या." गोळ्या, कमी मीठ, दोन आठवडे रजा. माझ्याकडचा मुख्याध्यापकाचा चार्ज तात्पुरता शाळेतल्या गेडाम सरांकडे.

१० जानेवारी
गावभर बातमी. सकाळपासून लोक 'पाहायला'. पडून राहावं तर चहा कोण करणार? ह्यांचा चहा म्हणजे गरम पाणी. उठलेच. प्रत्येकाजवळ सांगायला एक मेलेला माणूस! शेजारच्या यमुनाबाई : "आमच्या मावसभावाचं असंच झालतं. बसल्या बसल्या गेला. तुम्ही कायजी नोका करू."
शाळेपेक्षा जास्त दमले.

१२ जानेवारी
फोन ह्यांनी तांदळाच्या कोठीत लपवला. तांदळातूनही वाजतो. पोषण आहाराचा ग्रुप असणार.

१३ जानेवारी
ह्यांची युक्ती : मी आत, दाराला बाहेरून कुलूप. घरी कोणी नाही असं वाटून लोक परत जातील. स्वतः गेले शेतावर. यमुनाबाई कोणाला तरी घेऊन आल्या, ओट्यावरच बसल्या.
"नागपूरले नेलं असन. सिरीयस असन."
"बाई चांगली होती."
होती! तोंडात पदर कोंबून हसले. मग डोळा कधी लागला...
जाग आली तेव्हा हे माझ्या नाकाजवळ बोट धरून बसलेले. डोळ्यांत पाणी. "केवढ्या हाका मारल्या! अशी झोपत असते काय कोणी?"
म्हणणार होते, तुम्हीच तर... पण त्यांचा चेहरा पाहून उठले, चहा टाकला.
अशी झोप कितीक वर्षांत नाही.

२३ जानेवारी
ठोके ताळ्यावर. डॉक्टर म्हणाले, रुजू व्हा, पण चार्ज सोडा. घरी येते तो गेडाम सर दारात. वाळलेले.
"म्याडम, सोमवारी चार्ज वापस घ्या ना. मले झोप नाही येऊन राहिली. मीबी ईसीजी काढला."
चार्ज घ्यावा तर माझं हृदय, सोडावा तर सरांचं. अन् खरं सांगू, शाळा माझ्यावाचून चालते हेही सहन होत नाही.
सर गेल्यावर ह्यांना विचारलं, काय करू?
"मले नोको विचारू," म्हणाले. "माहीबी छाती धडधडते."