एकोणीस सूचनांचा सारांश

सोमवार, ४ मे

शाळेचं पत्रक आलं. 'वर्षअखेरच्या सूचना व पुढील वर्षापासूनचे धोरणबदल : माध्यमिक विभागातील कुटुंबांसाठी'. शीर्षक वाचतानाच दम लागला. चार पानं, एकोणीस सूचना. त्यात नमनाला घडाभर तेल, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचं मनोगत.

मी लिफ्टच्या कंपनीत सूचना लिहितो. लिफ्टच्या आत चिकटवलेल्या असतात त्या. 'दरवाजाला टेकू नये.' तीन शब्द. वीस वर्षांत एकाही माणसाने मला याचा अर्थ विचारलेला नाही. असो. शाळेला कोण सांगणार!

एक सूचना मात्र महत्त्वाची. पुढच्या वर्षापासून प्रत्येक मुलाचा एकच 'मुख्य संपर्क' राहील. एक माणूस, एक नंबर. शाळेचे सगळे मेसेज त्याला, फोन त्याला, निर्णय त्याचा. बोलावल्यावर अर्ध्या तासात शाळेत हजर होणारा हवा. मुलाने आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं, सुट्टी लागायच्या आत.

सौ. पुलाच्या कामावर परगावी, पुढच्या हिवाळ्यापर्यंत. म्हणजे ठकीचा मुख्य संपर्क मीच. बिनविरोध. (ठकी म्हणजे आमची कन्या. सातवीत आहे. हे नाव तिला आता चालत नाही. रोजनिशीत चालतं.)

संध्याकाळी सौ.चा फोन. तिचं म्हणणं, ताईचा नंबर देऊन टाक. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, ड्रायव्हिंग स्कूल चालवते, शाळेच्या मागच्याच रस्त्याला. जवळ आहे हे कबूल. पण बाप तो बाप. तसं सांगितलं. सौ. म्हणाली, मग ठकीला विचार. विचारीन. त्यात विचारायचं काय आहे?

संकल्प : आजपासून शाळेचं सगळं जातीने बघणार. पत्रक संपूर्ण वाचणार. आज दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत झालं.

मंगळवार, ५ मे

पालकांच्या ग्रुपवर हलकल्लोळ. कोणाला काही कळलेलं नाही. दातांचे डॉक्टर (त्यांचा मुलगा ठकीच्या वर्गात) विचारत होते, सूचना नऊ आणि सूचना बारा यांत विरोध आहे का. जुळ्यांची आई म्हणाली, मला दोनदा वाचावं लागणार.

मला एकदम सुचलं. सारांश! आमच्या ऑफिसचा नियमच आहे : पाच ओळींच्या वर सूचना नको, तोवर माणसाचा मजला येतो. जेवणाच्या सुट्टीत एकोणीसच्या पाच केल्या. उरलेल्या चौदा नुसती भरती होती. शेवटच्या पानावरच्या तर नजर टाकताच कळत होत्या. खाली माझं नाव, हुद्दा. ग्रुपवर टाकलं.

धो धो कौतुक. जुळ्यांच्या आईने नमस्कार पाठवला, दोनदा. डॉक्टर म्हणाले, आता मूळ पत्रक वाचायची गरजच उरली नाही. हेच तर!

ठकीला दाखवलं. तिने विचारलं, बाबा, तू मूळ पत्रक पूर्ण वाचलंस का. मी म्हटलं, भात शिजला का बघायला एक शीत पुरतं. ती पत्रक उचलून आत गेली. मुलांना बापाचा अभिमान तोंडावर दाखवता येत नाही.

गुरुवार, ७ मे

सारांशातली पहिली ओळ : लायब्ररीची पुस्तकं परत करा. म्हटलं, सुरुवात स्वतःपासून. ठकीची दोन पुस्तकं घरात सापडली. एक शाळेचं, एक गावातल्या वाचनालयाचं. ऑफिसला जाता जाता दोन्ही जातीने देऊन आलो. फक्त अदलाबदल झाली. दोन्हीकडच्या लोकांनी निमूट ठेवून घेतली, यावरून त्यांचा कारभार कळतो.

ताईने दोन्हीकडे जाऊन निस्तरलं म्हणे. मी सांगितलं नव्हतं. ठकीनेच फोन केला असणार.

सोमवार, ११ मे

आता मोबाइल. नवं धोरण असं की पुढच्या वर्षापासून फोन सकाळी फाटकावर पिशवीत जमा करायचे, जाताना घ्यायचे. मी ग्रुपवर मुद्दा लावून धरला. आधी विरोधात लिहिलं. मग डॉक्टरांनी इतकं जोरात पाठिंब्याचं लिहिलं की म्हटलं, हा माणूस बरोबर असणं शक्य नाही. मग जुळ्यांच्या आईचं वाचून वाटलं, धोरण तसं चांगलं आहे. दुपारपर्यंत मी दोन्ही बाजूंनी लढत होतो. शेवटी माझेच दोन मेसेज एकमेकांखाली ठेवून कोणीतरी प्रश्नचिन्ह पाठवलं.

साहेबांनी विचारलं, नव्या इमारतीच्या सूचना कुठे अडल्यात. सांगितलं, काम चालू आहे.

आज ठकीला मुख्य संपर्काचं विचारायचं ठरवलं होतं. पण ती फोनवर होती, ताईशी. हसत होती. कसलं तरी पाठवत होती. विचारलं तर म्हणाली, आत्याला पत्रक हवं होतं. ताईला मूलबाळ नाही, तिला शाळेचं पत्रक कशाला? मी म्हटलं, माझा सारांश पाठव ना. ठकी म्हणाली, तिला सगळं हवंय. ताई पहिल्यापासून अशीच. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा मोठ्याने वाचून दाखवायची.

विचारायचं राहिलं. उद्या नक्की.

गुरुवार, १४ मे

उद्या म्हणजे परवा. परवाही जमलं नाही, कारण गणवेश.

सारांशातली दुसरी ओळ : खेळाचा गणवेश बदलतोय, जुना चालणार नाही. डॉक्टरांनी लगेच तीन जोड घेतले. जुळ्यांच्या आईने जुने देऊन टाकले. दुकानातला माल संपला. आता कळतंय की मूळ पत्रकात पुढे आणखी एक वाक्य होतं : जुना गणवेश आणखी एक वर्ष चालेल. डॉक्टर ग्रुपवर जरा तुटक बोलले. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

माझी ओळ चुकीची नव्हती. एक वर्ष आधी लिहिली गेली, एवढंच.

सौ.ने फोनवर विचारलं, ठकीशी बोललास का. मी म्हटलं, वातावरण अनुकूल आहे. ती बराच वेळ गप्प होती. रेंज गेली असावी.

सोमवार, १८ मे

संकल्प : आज तिसरं आणि चौथं पान वाचून हातावेगळं करायचं. टीका करणाऱ्यांची तोंडं बंद.

तिसऱ्या पानाला बसलो. उजेड डोळ्यावर येत होता. खुर्ची हलवली. खुर्ची डुगडुगायला लागली. पायाखाली पुठ्ठा घातला. महत्त्वाचं अधोरेखित करावं म्हणून पेन घेतलं, ते चालेना. दुसरं आणलं. उठून खिडकीशी गेलो. समोरचा माणूस गाडी धूत होता, चुकीच्या पद्धतीने. परत बसलो. चहाचा कप घासून टाकला, कारण घाण कपासमोर मन लागत नाही. मग सगळेच कप घासले. तेवढ्यात ठकी आली आणि पत्रक ओलं झालंय म्हणाली.

वाळत घातलंय. धोरण वाचताना माणसाला हालचाल लागते, हे शाळेने लक्षात घ्यायला हवं होतं. शनिवारी निवांत वाचीन.

शुक्रवार, २२ मे, सकाळ

शाळेचा शेवटचा दिवस. डबा मी भरला. ठकीला सांगितलं, संध्याकाळी आपण दोघं बसू, मुख्य संपर्काचं ठरवून टाकू, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, बाबा, आज शाळा... मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, सारांश कोणी लिहिलाय? ती म्हणाली, बरं.

अकराला साहेबांसोबत मीटिंग. फोन सायलेंटवर टाकतोय. माणसाने एका वेळी एकच काम करावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे लिहितो.

सूचना सतरा. चौथं पान. शेवटच्या दिवशी शाळा अकराला सुटेल. बस येणार नाहीत. आणि नव्या धोरणानुसार मोठ्या माणसाशिवाय कोणतंही मूल फाटकाबाहेर सोडलं जाणार नाही.

भरती.

वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं हॉलमध्ये बसून राहिली. शाळेने घरोघर फोन केले, तर पालक म्हणे, असं कुठे लिहिलंय? आणि पुरावा म्हणून त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना माझा सारांश पाठवला. एकाने नाही, सगळ्यांनी. खाली माझं नाव. हुद्द्यासकट. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण.

मीटिंग संपल्यावर फोन पाहिला. मिस्ड कॉलची रांग. लिफ्टची वाट बघवेना, जिन्याने उतरलो. धावत पोचलो तर फाटकाशी फक्त वॉचमन. म्हणाला, सगळी गेली, त्या गाडी शिकवणाऱ्या बाई घेऊन गेल्या.

ताई अकराच्या आधीच फाटकात होती. ठकीने तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. ठकीला घेऊन ती निघतच होती, तर हॉलमधली बाकीची पोरं दिसली. मग काय! तिने तिच्या स्कूलचे तीन शिक्षक गाड्यांसकट बोलावले, मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर उभी राहून एकेका आईबापाला फोन लावला, परवानगी घेतली आणि पोरं घरोघर पोचती केली. एका गाडीत धडा चालू होता. तो शिकाऊ गृहस्थ बँकेत मॅनेजर आहे. त्याला मागच्या सीटवर पोरांत कोंबलं. जुळ्यांनी त्याला वाटेत क्लच कधी दाबायचा ते विचारलं, त्याला सांगता आलं नाही.

संध्याकाळी ताईकडे ठकीला आणायला गेलो. मी मानसिक तयारी करून गेलो होतो, आता ही माझी खरडपट्टी काढणार. ताई माझ्यावर लहानपणापासून ओरडते, त्यात नवीन काही नाही. पण ती ओरडली नाही. चहा दिला. बिस्किटं पुढे केली. ते फार वाईट वाटलं.

घरी येताना ठरलेलं बोलणं आज काढलं नाही. माणसाने वेळ ओळखावी.

शनिवार, २३ मे

ग्रुप कालपासून चिडीचूप होता. सकाळी डॉक्टरांनी लिहिलं : यापुढे प्रत्येकाने मूळ पत्रकच वाचावं ही विनंती. खाली अंगठेच अंगठे. मीही अंगठा दिला.

खुलासा लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात दोष शाळेचा : इतकी महत्त्वाची गोष्ट सतराव्या जागी कोणी घालतं का? दुसऱ्यात दोष बसवाल्यांचा. तिसरा नुसता 'माफ करा' होता. तो फारच छोटा वाटला. एकही पाठवला नाही. घरभर फेऱ्या मारल्या. ठकी म्हणाली, बाबा, बस ना एका जागी.

बसलो. आणि विचारलं. प्रस्तावना तयार होती : जबाबदारी, वाढतं वय, बापलेकीचं नातं. मी अर्ध्यावर यायच्या आतच ती म्हणाली, "बाबा, मी आत्याचा नंबर दिलाय. वर्गशिक्षकांना आधीच सांगितलंय. फक्त तुझी सही राहिलीये, कागद सोमवारी दिला तरी चालेल."

आधीच म्हणजे कधी, हे मी विचारलं. दोन आठवडे झाले. मी अनुकूल वातावरण तयार करत होतो तेव्हा.

मी म्हटलं, अगं पण आत्या ओरडते.

"ओरडते," ती म्हणाली. "पण तिची वाट बघावी लागत नाही."

माझ्याकडे उत्तरं होती. मुद्देसूद होती. मी कामात असतो, माझं ऑफिस लांब, कालचा दिवस अपवाद होता. ती रागावून बोलली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. तिने तर ते पाऊस आहे, छत्री घे, अशा चालीवर सांगितलं.

वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

सौ.चा फोन आला. तिला माहीत होतं. म्हणजे त्या गुरुवारी फोनवर रेंज गेली नव्हती.

रविवार, २४ मे

संकल्प नाही.

सकाळी ठकीने कागद आणून टेबलावर ठेवला. 'मुख्य संपर्क' या चौकटीत ताईचं नाव, ठकीच्या अक्षरात, नीट. खाली 'पहिल्या व्यक्तीचा फोन न लागल्यास' या चौकटीत माझं. पेनही तिनेच आणलं होतं, चालणारं.

मी चष्मा घातला आणि वरपासून वाचायला लागलो. शाळेचा पत्ता. मुख्य संपर्क कोणाला म्हणावं. त्याने काय काय करायचं. मूल आजारी पडलं तर. मूल घाबरलं तर. मुलाला घ्यायला कोणी आलं नाही तर.

ठकी उभी होती. एका पायावर, मग दुसऱ्या.

"बाबा," ती म्हणाली, "सगळं वाचायची गरज नाहीये. खाली फक्त सही हवीये."

मी म्हटलं, वाचू दे.

कागदाच्या मागेही मजकूर होता. मी उलटवला. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसून राहिली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग सही केली.