बंब सुखरूप पोहोचला

अल खर्ज, सौदी अरेबिया, शुक्रवार (म्हणजे इकडचा रविवार)

तीर्थस्वरूप भाऊमामांच्या चरणी भाचा उमाकांत याचा वाळवंटातून वाकून नमस्कार.

आम्ही तिघंही इथे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची दाढ काढली का? (दाढेची चौकशी रेखाने दोनदा करायला बजावलं आहे, म्हणून पुन्हा विचारतो: मामींची दाढ काढली का?) पत्र लिहिण्याचं कारण एकच. मामा, आपण जिंकलो! आणि ‘आपण’ हे मी उगाच म्हणत नाही. या विजयात निम्मा वाटा तुमचा आहे, तो कसा ते तुम्हालाही ठाऊक नसेल.

आमची कॉलनी डेअरीच्या आवारात, गावापासून लांब. इथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंना एसीही आमच्यापेक्षा बरा. या कॉलनीत सगळ्यांचा मिळून एकच पत्र्याचा हॉल. तिथे रेखा दर शुक्रवारी कॉलनीतल्या मराठी पोरांना मराठी शिकवते. आमची ईशा त्याच वर्गात बसते आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देते. (“ईशा, जेवलीस का?” “ऑलरेडी, बाबा.”) तरी रेखाने वर्ग सोडला नाही. इथे आल्यावर तिने स्वतःचं म्हणून उभं केलेलं हे एवढंच आहे मामा, आणि तेच जायची वेळ आली. कंपनीला हॉलमध्ये चाऱ्याच्या गासड्या ठेवायच्या होत्या. रेखाने त्या रात्री घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. ती अशी भांडी घासते तेव्हा मला फार भीती वाटते.

मग मी आमच्या सेफ्टी ऑफिसर नबीलाकडे गेलो. सौदी पोरगी, वय माझ्या भाचीएवढं, पण ती दिसली की मोठमोठे मॅनेजर चहाचा कप लपवतात. तिने अट घातली: हॉल दुरुस्त करा, स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक उभं करा, मी येऊन सराव बघेन. पास झालात तर हॉल तुमचा, नाहीतर गाईंचा. मी “नो प्रॉब्लेम” म्हणालो. इथे जो नो प्रॉब्लेम म्हणतो त्याच्याच गळ्यात प्रॉब्लेम बांधतात, त्यामुळे मी पथकाचा कॅप्टन झालो.

आम्ही हॉल रंगवला, वायरिंग बदललं, आत उघडणारं दार बाहेर उघडणारं केलं. (पहिल्या प्रयत्नात ते उघडेचना, पण तो भाग सोडा.) पथकात हैदराबादचे हुसेनमियाँ आले, ते एका अटीवर: “उमाकांतभाई, आग लगे ना लगे, घंटी मैं बजाऊँगा.” घंटा आली, बादल्या आल्या, पाइप आला. नव्हता फक्त बंब. त्या उद्वेगात मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर लिहिलं, “हॉल वाचवायला पथक तयार आहे, पण बंब नाही.” तुमच्या नगरपंचायतीत ओळखी, जुना पंप कुठे मिळतो ते विचाराल, एवढीच माझी आशा. तुम्ही मात्र सुट्टीवर गावी आलेल्या आमच्या कॉलनीतल्या सुमीतच्या हाती खरोखरचा बंब धाडलात. आंघोळीचा! तांब्याचा! चिंचेने घासलेला! वर चिठ्ठी, “हॉलला बंब कशाला ते कळलं नाही, पण गरम पाणी केव्हाही बरं.”

आता विचार करा, सौदीच्या विमानतळावर तांब्याचं भांडं, मध्ये नळकांडं, खाली तोटी. कस्टमवाल्याला वाटलं, दारूची भट्टी! सुमीत घामाने थबथबला आणि आंघोळीचा संपूर्ण अभिनय करून दाखवू लागला, अगदी पाठ चोळण्यापर्यंत. शेवटी त्या भल्या माणसाने हसून “यल्ला, यल्ला” (चल, नीघ) म्हणत त्याला सोडलं.

सरावाचा दिवस उजाडला. कॉलनी झाडून हॉलमध्ये जमली. नबीलाने वायरिंग तपासायला मेन स्विच बंद केला, आणि किटली बंद पडली. पाहुणीला चहाशिवाय बसवणं रेखाच्या रक्तात नाही. तिने बाहेर, मागच्या खिडकीखाली तुमचा बंब मांडला, खजुराच्या ओल्या झावळ्या घालून पेटवला आणि कप मांडायला आत आली. वारा फिरला. आणि असा धूर हॉलमध्ये शिरला म्हणता! कित्येक आठवडे हात शिवशिवत असलेल्या हुसेनमियाँनी घंटा बडवायला घेतली. पोरं रांगेत, बाया रांगेत, बादल्या हातोहात, सगळं शिकवल्याप्रमाणे. नवं दार एका धक्क्यात उघडलं. मी सर्वांच्या पुढे होतो. पाण्याचा पहिला फवारा बंबावर पडला आणि चहाचं पाणी वाया गेलं.

नबीलाला वाटलं, आम्ही न सांगता सराव सुरू केला. तिने टाळी वाजवून “मुमताज! मुमताज!” असं ओरडायला सुरुवात केली. (मुमताज म्हणजे उत्तम. रेखाला वाटलं कुणी मुमताज आत राहिली, म्हणून ती पुन्हा धावत आत गेली, आणि तेही धाडस म्हणून नोंदलं गेलं.) हॉल आपला झाला, मामा! रेखा त्या धुरात रडत होती आणि ते धुरामुळे नव्हतं. वर सोन्याहून पिवळं असं, की त्या गोंधळात आमची ईशा जन्मात पहिल्यांदा अख्खं, शुद्ध, खणखणीत मराठी वाक्य बोलली. सगळ्या कॉलनीने ऐकलं.

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा साष्टांग, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा विजयी भाचा,
उमाकांत

ता. क. बंब परत येणार नाही. नबीलाने तो ‘धूर-सरावाचं यंत्र’ अशी पाटी लावून हॉलच्या दाराशी मांडला आहे. मामी डॉक्टरकडे दाढ दाखवायला गेल्या असताना तुम्ही तो पोत्यात भरलात, असं सुमीत सांगतो. त्यांचा रेखाला फोन आला होता, त्या गावभर बंबाचा चोर शोधतायत. तेव्हा विनंती एवढीच, की तुम्हीच कबुली द्या आणि माझं नाव मध्ये आणू नका.

ता. क. २. ईशाचं वाक्य कोणतं, असं तुम्ही विचारणारच, आणि मी नाही सांगितलं तर रेखा सांगेल. ते असं होतं: “बाबा, एकटेच कुठे पळताय? आई आत आहे!”