आखूड झालेला ड्रेस

"लेकरा, चुकलेला टाका झाकू नकोस, उसव," मला शिवण शिकवताना माझी आई म्हणायची.

बाळे, तू मशीनच्या खणात ठेवलेला पत्ता मी महिनाभर पाहून न पाहिल्यासारखं केलं. शाळेमागच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी आलो आणि तुला म्हणालो, गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो होतो. आज मात्र आत जातोय. जेवण झाकून ठेवलंय, थांबू नकोस.

तिथे सगळ्यांसमोर बोलावं लागतं म्हणे. परक्यांच्या आधी तुला सांगतो. तुझ्या पहिल्या नोकरीचा ड्रेस आखूड झाला, तेव्हा मी म्हणालो, कापड आटलं. तू तोच घालून गेलीस. कापड आटलं नव्हतं गं. बेतून कापताना मी प्यायलेलो होतो.

— बाबा