पंख्यावरची खाच

४ जानेवारी

एकदाची येऊन पडले. दोन ट्रंका, रंगांची पेटी आणि एकतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून बसलेला आवाज, एवढंच सामान. वहिनीनं दारातच सांगून टाकलं की वन्सं, राग खाली ठेवा आणि मगच वर जा, वरची दुर्बीण नाजूक आहे. दोघीही हसलो. दादा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली असावी.

वरची खोली दादाची. छप्पर चाकांवर सरकतं. ढकललं की अख्खं आकाश खोलीत येतं. मधोमध त्यानं स्वतः आरसा घासून बनवलेली दुर्बीण, पिंपाएवढी जाड. टेबलावर लाल कागद लावलेली बॅटरी आणि पाकिटांचे गठ्ठे. मी आले आहे ती या पाकिटांसाठी.

दादानं एकाच तेजोमेघाची दोनशे बारा चित्रं काढली. तो जाताच इथल्या आकाशनिरीक्षण मंडळानं ती सगळी दप्तरातून काढून टाकली. कारण काय, तर चित्रं मनानं रचलेली. ज्याला जन्मात मनानं साधी मांजर काढता आली नाही, त्या माणसाबद्दल हे लिहितात. वीस फेब्रुवारीला मंडळाची सभा आहे, तिथे शेवटचा निर्णय होईल. तोवर मी तोच तेजोमेघ पाहून चित्रं काढणार आणि त्यांच्यासमोर आपटणार. माझ्या भावाला कुणी खोटारडा म्हणायचं नाही.

८ जानेवारी

चांदणं सरलं. जेवून साडेआठला वर गेले. मृगाच्या डावीकडे, दादाच्या नकाशाप्रमाणे एकेका ताऱ्यावरून पुढे सरकत, तासाभरानं सापडला. पंख्याच्या आकाराचा फिकट उजेड आणि पंख्याच्या दांड्याशी एक तारा. तारा अगदी कोवळा, अजून आपल्याच धुळीत गुंडाळलेला. त्याच्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या सावल्या पंख्यावर पडतात, म्हणून पंखा महिन्या-महिन्याला बदलतो. दादानं वहीत हे फार छान लिहिलंय.

पाहायची रीतही त्यानं लिहून ठेवली आहे. इतक्या अंधूक वस्तूकडे सरळ पाहिलं की ती पुसली जाते. नजर जरा बाजूला ठेवायची आणि डोळ्याच्या कडेनं पाहायचं. काढलेलं चित्र लगेच पाकिटात बंद करायचं. दुसऱ्या दिवशी नवं काढताना जुनं बघायचं नाही, म्हणजे हात फसवत नाही. मंडळाचा हा नियम दादानं जन्मभर पाळला.

११ जानेवारी

मंडळाच्या अध्यक्षांना भेटून आले. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. मी बोलत होते तेवढा वेळ एकच काच पुसत बसले. म्हणाले, ताई, झालं ते झालं, चित्रं राहू द्या तशीच. वर सल्ला दिला की एवढी हौस असेल तर चंद्र बघा, चंद्र सोपा आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगून आले की चंद्र तुम्ही बघा, मी तुम्हाला बघून घेते.

२० जानेवारी

नऊ चित्रं झाली. आज पाकिटं फोडली. नऊही चित्रांत पंख्याच्या उजव्या कडेला एक काळी खाच आहे, आणि ती रोज केसभर आत सरकली आहे. मग दादाची शेवटची पाकिटं उघडली. तीच खाच. त्याच्या शेवटच्या चित्रात ती जिथे थांबली, तिथूनच माझ्या पहिल्या चित्रात सुरू होते.

रागानं आणि आनंदानं रडले. मंडळातले कॅमेरेवाले म्हणतात की फोटोत असलं काही येत नाही. न येईना. कॅमेऱ्याला कुठे कडेनं बघता येतं?

वहिनीला चित्रं दाखवायला गेले तर ती म्हणाली, डोळे दुखतात, उद्या बघेन.

६ फेब्रुवारी

मधे पंधरा दिवस चांदण्यानं खाल्ले. आज खाच बरीच मोठी आहे. तिला आता खांदे असल्यासारखे वाटतात.

शाळेत पोरांना शिकवायचे की उभ्या माणसाच्या उंचीत डोकं साडेसात वेळा बसतं. गंमत म्हणून पेन्सिल धरून मोजलं. साडेसात.

७ फेब्रुवारी

वहिनी म्हणते, पुरे करा आता. कुणाकुणाला घाबरायचं? दिवसभर बसून मंडळाच्या एकसष्टही सभासदांना हातानं पत्रं लिहिली. तेजोमेघाची जागा, डोळ्याकडचं कोणतं भिंग लावायचं, नजर नेमकी कुठे ठेवायची, सगळं आकृतीसकट. शेवटी लिहिलं: हिंमत असेल तर स्वतः बघा. स्वतः जाऊन पेटीत टाकली. हात दुखतोय, पण झोप छान लागेल.

९ फेब्रुवारी

आज चूक झाली. ताऱ्यांवरून सरकताना एक वळण चुकले आणि तासभर भलत्याच तेजोमेघाचं चित्र काढत बसले. आवरताना नकाशा पाहिला तेव्हा कळलं.

त्यावरही खाच होती. त्याच जागी, उजवीकडे. तेवढीच.

१० फेब्रुवारी

सकाळी भाजी चिरत होते. उजव्या कडेला, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीवर. वळून पाहिलं तर भिंत कोरी. पुन्हा विळीकडे पाहिलं — तिथेच.

डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासलं. डोळे ठणठणीत आहेत म्हणाला.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाले. तीन वेळा विचारलं, सगळ्यांना पाठवलं का, खरंच सगळ्यांना? मी फोन आपटला.

११ फेब्रुवारी

अध्यक्ष घरी आले. बसले नाहीत. एक कागद पुढे ठेवला. अक्षर दादाचं.

त्यानं लिहिलंय की मी जे काढलं ते आकाशात नाही. तो पंखा कडेनं बघायला शिकलो, तेव्हा ते माझ्या कडेला येऊन उभं राहिलं, आणि आता जात नाही. दुसऱ्या कुणाला तिथे बघू देऊ नका. माझी चित्रं काढून टाका. मला खोटा ठरवा.

अध्यक्षांनी शब्द पाळला होता. आठ महिने लोकांच्या शिव्या खाल्ल्या, माझ्याही.

वहिनीला सगळं माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात दादा डोळ्यांना फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणाली. तरी ते दिसायचं. मिटलेल्या डोळ्यांना कड नसते, सगळं समोरच असतं, असं म्हणायचा. मी तिच्यावर ओरडले, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?

नसतं ऐकलं. राग कुणावर काढू आता.

१२ फेब्रुवारी

अध्यक्ष आणि मी सकाळपासून एकेकाला फोन करतोय. बघू नका म्हणून. आकाश चार दिवस निरभ्र आहे, मेलं एक ढग नाही.

तेवीस जणांनी आधीच पाहिलंय. खूश आहेत. खाच स्पष्ट दिसली, तुमच्या भावाची माफी मागायला हवी, म्हणतात. एक मास्तर म्हणाला, वर्गातल्या सगळ्या मुलांना आणून दाखवलं. सगळ्यांना दिसलं.

मी म्हटलं, ते खोटं आहे. तो हसला. म्हणाला, बाई, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

१४ फेब्रुवारी

चव्वेचाळीस जण.

अध्यक्ष फोन उचलत नाहीत. त्यांनी बघितलं नव्हतं — मला वाटतं, काल रात्री बघितलं. मी काय करून ठेवलंय ते बघायला.

१५ फेब्रुवारी

आता सरळ पाहिलं तरी जात नाही. वहिनीशी बोलताना वहिनीच्या अर्ध्या चेहऱ्यावर —

तिला माझ्यासमोर येऊ नको म्हटलं. ती येतेच. माझा हात धरून बसते. मूर्ख बाई. प्रेमळ, मूर्ख बाई.

१६ फेब्रुवारी

एकच उपाय उरलाय. सभेसाठी निवेदन लिहिते. वहिनी वाचून दाखवेल. इथे आधी कच्चं —

मी, खाली सही करणारी, कळवते की माझा भाऊ खोटारडा होता. त्याची दोनशे बारा चित्रं खोटी आहेत. माझीही. आम्हा भावंडांना खोटं बोलायची लहानपणापासून खोड — ज्यांना काही दिसलं त्यांना आमच्या सांगण्यामुळे दिसलं — पुन्हा कुणीही तिकडे — मुलांना तर —

ओळी दिसत नाहीत. अंदाजानं लिहितेय. कागदाच्या आणि माझ्या मधे आता ते — पाठमोरं होतं इतके दिवस, मला वाटायचं तोंड इकडे आहे — पाठमोरं होतं — आता वळतंय —

माझा भाऊ खोटारडा होता. माझा दादा खोटा