‘कन्हान ब्रिज’ची रेकॉर्ड

गोळीबार चौक, नागपूर
रविवार, ९ मार्च १९८०

प्रिय चंद्रकलाबाईस,

धाकट्या भावाचा, श्रावणचा, नमस्कार. इथे सगळे बरे आहोत. उमरेडलाही तसंच असेल असं धरून चालतो.

प्रेमिला काल भाऊजींसोबत पोचली असेलच. चष्मा सोमवारी मिळणार होता तो गुरुवारी मिळाला, म्हणून दोन दिवसांचा मुक्काम सहा दिवसांचा झाला. चष्मा लावून बाहेर आली आणि सीताबर्डीवरच्या झाडून सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटली. एका वकिलाच्या पाटीतली चूकसुद्धा तिनं काढली. आईचे गुडघे तसेच आहेत, पण नात घरात होती तोवर दुखणं विसरली होती. बाबांनी दिवाळीपासून माग बंदच केला. सकाळी त्याच्यावरची धूळ मात्र पुसतात. काटोलहून रुपरावनं संत्री पाठवली होती, त्यातली अर्धी प्रेमिलाच्या पिशवीत घातली. दुकानात हार्मोनियमच्या दुरुस्त्या पुष्कळ आहेत, गिटार शिकायला चार पोरं येतात. माझं बरं चाललं आहे.

हे सगळं तुला प्रेमिला सांगेलच. पत्र त्यासाठी नाही.

दहा वर्षं मी तुला वर्षातून दोनदा लिहितो, राखी मिळाल्यावर आणि दिवाळीला. त्यात घरचं सगळं असतं, फक्त ‘कन्हान ब्रिज’ नसतं. भावाची रेकॉर्ड निघाली, रेडिओवर वाजली, पेपरात फोटो आला, आणि सख्ख्या बहिणीनं एका शब्दानं विचारलं नाही. तू विचारत नव्हतीस हे मला बरंच वाटत होतं. आज न विचारता सांगतो.

डेरिक तुला आठवतो ना? रेल्वे गार्डसाहेबांचा मुलगा. आईच्या हातची पाटोडी खाऊन डोळ्यांतून पाणी गाळायचा आणि परत वाढा म्हणायचा. तो ड्रम वाजवायचा, रुपराव बेस गिटार आणि मी लीड. ‘लेव्हल क्रॉसिंग’ हे आमच्या बँडचं नाव. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत दुपारी आमची प्रॅक्टिस चाले. सगळी गाणी परक्यांची, रेकॉर्डवरून उतरवलेली. आपलं एकही नव्हतं.

डेरिक लहानपणी वडिलांसोबत मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून नदीपलीकडच्या कन्हानपर्यंत जायचा. तो म्हणायचा, पुलावर गाडी चढली की चाकांचा आवाज पोकळ होतो, पोटात खड्डा पडतो, आणि पलीकडे उतरली की जमीन पुन्हा पायाखाली येते. त्यावर त्यानं इंग्रजीत शब्द लिहिले. मी चार सुरांची एक चाल बसवली, खालून वर चढत जाणारी. रुपरावनं ती ऐकली आणि बेसचा असा ठेका धरला की खोलीच्या काचा थरथरल्या. त्या दुपारी आम्हा तिघांनाही कळलं, हे आपलं आहे.

पण शेवट जमेना. डेरिकनं शिटी वाजवून पाहिली, रुपरावनं भांडी आपटून पाहिली. आमची गाडी पुलावर चढत होती, उतरत नव्हती.

सन सत्तरचा मे महिना तो. तू तेव्हा माहेरी होतीस.

डेरिकच्या वडिलांकडे रिळांचा टेपरेकॉर्डर होता. बाबांच्या मागाचा आवाज शेवटी लावून पाहू म्हणून मी तो घरी आणला. बाबा जेवायला उठले, मी बाहेर गेलो, टेप चुकून चालू राहिला, आणि परत आलो तेव्हा त्यात कोण्या बाईचं गाणं सापडलं. पेपरवाल्यांना, रेडिओवाल्यांना, डेरिकला, सगळ्यांना मी हीच हकीकत सांगितली. इतक्यांदा सांगितली की मलाही खरी वाटायला लागली.

डेरिकनं ते रीळ ऐकलं, मागे फिरवून पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, ‘हाच शेवट.’ त्याला मराठी येत नव्हतं. त्याला वाटलं, कोणी प्रेयसी कोणाची वाट पाहते आहे.

त्या नाताळात वामनराव नावाचे गृहस्थ नागपूरला नातेवाइकांकडे आले होते. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत ते ध्वनिमुद्रण करायचे. त्यांनी आम्हाला इन्स्टिट्यूटमध्ये ऐकलं आणि फेब्रुवारीत मुंबईला बोलावलं. छोटी रेकॉर्ड, दोन बाजूंना दोन गाणी. स्टुडिओत एकवीस वेळा वाजवलं तेव्हा कुठे ते खूश झाले. शेवटच्या भागासाठी त्यांनी एका चांगल्या गायिकेला बोलावलं होतं. ती बिचारी सुरात गायली, पण तिचं गाणं ऐकून कोणी मान वर केली नाही. मग मी पिशवीतून रीळ काढलं.

वामनरावांनी ते डोळे मिटून ऐकलं.

“ही बाई कोण?”

“आमच्या गल्लीतली आहे.”

“लहान मुलाला झोपवते आहे ती. पण मूल हुं की चूं करत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिला विचारलंय ना तुम्ही?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी ते आमच्या गाण्याच्या शेवटाला जोडलं. गिटार हळूहळू मागे जाते, ड्रम थांबतो, आणि एकटा तो आवाज उरतो. तोही हळूहळू विरतो. मुंबईचे सराईत वाजंत्री दारात येऊन उभे राहिले होते.

पुढचं जगाला माहीत आहे. जूनमध्ये रेकॉर्ड निघाली. रेडिओवर फर्माइशी सुरू झाल्या. सदर भागातल्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये पोरं ओळीनं तेच लावायची, मालक वैतागून म्हणायचा, ‘अरे, दूसरा भी कुछ सुनो!’ जबलपूर, भोपाळ, पुणे, सगळीकडून कॉलेजांच्या गॅदरिंगची बोलावणी आली. शेवटाला आम्ही वाजवणं थांबवायचो आणि हजार पोरं मिळून तो सूर गुणगुणायची. माझ्या अंगावर काटा यायचा. त्यातला अर्धा आनंदाचा असायचा, उरलेल्याचा मी विचार करायचो नाही. एका हिंदी पेपरवाल्यानं लिहिलं की शेवटी ती बाई ‘गुनाह, गुनाह’ म्हणते, आणि त्यावर त्यानं मोठा अर्थ लावला. आम्ही तो वाचून हसलो. मीही हसलो, बाई.

ते ‘गुनाह’ नव्हतं हे मला माहीत होतं. तू ‘गुणा’ म्हणत होतीस.

आता खरं लिहितो. टेप चुकून चालू राहिला नव्हता.

गुणवंत जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. अकरा महिन्यांचं पोर तीन दिवसांच्या तापात गेलं. तुला इकडे आणलं तेव्हा तू कोणाशी बोलत नव्हतीस. दुपारी सगळे आपापल्या कामाला लागले की मागच्या खोलीत बसून सुताच्या लडी सोडवायचीस आणि हळू आवाजात ती अंगाई म्हणायचीस. तू स्वतः केलेली, त्याचं नाव घातलेली. दाराआडून मी ती दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर सुताच्या गठ्ठ्यामागे ठेवला, बटण दाबलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आई येताना दिसली म्हणून आत जाऊन बंद केला. मी कशासाठी आत आलो हे पाहायला तू मानही वर केली नाहीस.

मला कळत नव्हतं असं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो. तू काय म्हणतेस, कोणाला म्हणतेस, सगळं कळत होतं. आणि त्याच वेळी डोक्यात हेही होतं की शेवट सापडला.

रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी, गणपतीत, तू ती ऐकलीस. तुमच्या चौकातल्या मांडवात लाउडस्पीकरवर लावली होती. मला हे कसं माहीत, ते तुला माहीत नाही. भाऊजींनी तुला सांगू नको म्हटलं होतं, पण आता सांगतो. ते नोव्हेंबरात एक दिवस इन्स्टिट्यूटमध्ये आले. आम्ही वाजवत होतो, ते दाराशी चप्पल काढून उभे राहिले. मी त्यांना बाहेर चहाला नेलं. ते कपबशीकडे पाहतच बोलले.

“श्रावण, एक विचारू का गा? थे गाणं बंद होईन का?”

मी कपातला चहा ढवळत राहिलो.

“तिचे दिवस भरत आले. थे गाणं लागलं का ती हातचं काम सोडते अन् आत जाऊन बसते. दार लावून घेते. रडत नाही, काही नाही. म्या पयल्यांदा आयकलं तवा मले वाटलं, माह्या कानालेच भास होऊन राहिला.” मग ते म्हणाले, “माह्या पोराची अंगाई आहे थे.”

“भाऊजी, निघालेली रेकॉर्ड बंद नाही होत,” मी म्हणालो.

“नाही होत काय? बरं.” त्यांनी चहा संपवला. “म्या आलतो म्हणून तिले नको सांगू.” आणि साडेचारच्या बसनं उमरेडला गेले.

एवढंच बोलले ते. ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर माझं सोपं झालं असतं. बंद होत नाही असं मी म्हणालो, पण बाई, मी विचारूनच पाहिलं नव्हतं. वामनरावांना एक पत्र टाकलं असतं तर पुढच्या रेकॉर्डी तो शेवट काढून निघाल्या असत्या. त्या आठवड्यात आम्हाला कलकत्त्याला जायचं होतं. मी पत्र टाकलं नाही.

जानेवारीत प्रेमिला झाली. मी बाळंतविडा घेऊन आलो, पण तुझ्याकडे नीट पाहिलं नाही.

बँडचं पुढं काही झालं नाही. दुसरी रेकॉर्ड कोणी ऐकली नाही. लोक म्हणायचे, गाणं चांगलं आहे पण ‘ती बाई’ नाही त्यात. चौऱ्याहत्तरला डेरिकचं घरदार ऑस्ट्रेलियाला गेलं, रुपराव काटोलला शेतीवर गेला. मी दुकानात चिकटलो. नोकरी वाईट नाही, मला तक्रार नाही.

मग हे गुरुवारचं. प्रेमिलानं माझ्या कपाटातून ती रेकॉर्ड काढली आणि लावा म्हणून मागे लागली. मी लावली. पोरगी पाय हलवत ऐकत होती. शेवट आला आणि तिचे पाय थांबले.

“मामा, हे तं आईचं गाणं आहे.”

मी सुई उचलून बाजूला ठेवली.

“पण अर्धंच आहे. आई पुढंही म्हणते. पुढं सकाळ होते त्याच्यात. मले झोपवताना माह्यं नाव घाले.” मग तिनंच विचार केला. “इथं गुणादादाचं नाव आहे.”

“तुला गुणादादा माहीत आहे?”

“म्हंजे काय! माह्याहून मोठा. थो लहान असतानाच गेला. आई सांगते मले त्याच्या गोष्टी. त्याले दोन दात आलते.” मग चष्मा सावरून म्हणाली, “आईनं तुमच्यासाठी म्हटलं काय हे?”

“नाही.”

“मंग तुम्ही कसं घेतलं?”

“चोरून घेतलं.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. पाट्या वाचत होती तसंच.

“मंग आईले सांगितलं काहून नाही?”

आठ वर्षांच्या पोरीनं सरळ विचारलं. मी तिला म्हटलं, सांगतो. म्हणून हे पत्र.

आणखी एक सांगायचं आहे. महिन्यापूर्वी वामनरावांचं पत्र आलं. कंपनी त्या काळच्या गाण्यांची कॅसेट काढते आहे, पहिलंच गाणं आमचं. शब्दांसाठी डेरिकची सही आली आहे, चालीसाठी माझी बाकी आहे. शुक्रवारी मी त्यांना सगळं खरं लिहून टाकलं. गल्लीतली बाई म्हणजे माझी बहीण, तिला मी विचारलं नव्हतं, आणि त्या शेवटासकट माझी सही मिळणार नाही. डेरिकलाही लिहिलं. हो की नाही हे तुला विचारण्यापेक्षा आधी नाही म्हणून मोकळा झालो, कारण हे ओझंही तुझ्यावर टाकावं असं वाटलं नाही. ज्या रेकॉर्डी लोकांच्या घरी आहेत त्या परत आणता येत नाहीत. तेवढं माझ्या हातून गेलं ते गेलंच.

क्षमा मागायला बसलो होतो, पण लिहिताना दुसरंच ध्यानात आलं. तू त्या वेळी वीस दिवस इथं होतीस. सगळ्या बायका येऊन तुझ्याजवळ बसून गेल्या. बाबासुद्धा, ज्यांना दोन शब्द बोलता येत नाहीत, माग सोडून तुझ्या दारात येऊन बसायचे. मी एकदाही बसलो नाही. तुझा आवाज माझ्याजवळ दहा वर्षं आहे आणि त्या पोराचं नाव मी तुझ्यासमोर आजवर एकदाही घेतलं नाही. दोन दात आले होते, हे मला प्रेमिलानं सांगावं लागलं.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं मी उमरेडला येतो आहे. भाऊजींना सांग. दार उघडलंस तर आत येईन, नाही तर ओट्यावर बसेन. तू बोलायलाच हवं असं नाही. बोललीस तर गुणाबद्दल सांग. तो कोणाकडे पाहून हसायचा, काय खायचा, मला काहीच माहीत नाही.

बाबांचा आणि आईचा तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

गुणवंताचा मामा,
श्रावण